डबा फोडला, रस उरला, आता?

प्रश्न: ताई, दिवाळसणाला लेक-जावई आले होते म्हणून आमरसाचे ८५० ग्रॅमचे दोन डबे आणले. दुसरा निम्मा उरला, तो तसाच वरून फॉइल लावून फ्रिजात ठेवला. तिसऱ्या दिवशी वाटीत काढला तर लोखंड चाटल्यासारखी चव यायली. सासूबाई म्हणायल्यात विष झालं, हे म्हणायलेत फ्रिजात होता मग काही होत नसतं. कोणाचं ऐकू? (एक वाचक, परभणी)

उत्तर: सासूबाईंनी पितळी भांड्यात ताक कळकलेलं बघितलंय हो, त्यांची भीती तिथून आलीय आणि ती अगदीच चुकीची नाही. आपल्या घरी पितळी पातेल्याला कल्हई करायचे, ती कथिलाची, आणि या टिनच्या डब्याला पण आतून तोच कथिलाचा पातळ थर असतो, बऱ्याच डब्यांना त्याच्यावर लाखेसारखं कोटिंगही असतं. डबा बंद असतो तोवर आत हवा जवळपास नसतेच म्हणून महिनोन्‌महिने काही बिघडत नाही, पण एकदा फोडला की हवा शिरते आणि आंब्याचा आंबटपणा आणि हवा दोघं मिळून त्या थराला खायला लागतात, म्हणून ती लोखंडी चव. कोटिंगला कुठं ओरखडा असेल तर अजून लवकर. रिकामा डबा एकदा उजेडात धरून बघा, रस जिथपर्यंत होता तिथं बरेचदा काळपट रेघ उमटलेली दिसते.

विष वगैरे नाही, पण कथिल जास्त उतरलं तर मळमळ, पोटदुखी, उलटी होऊ शकते, त्यामुळं तो रस टाकून द्या, जीव हळहळला तरी. आणि यांना सांगा की फ्रिजनं जंतू मंदावतात, डब्याचं कळकणं थांबत नाही.

पुढच्या वेळी डबा फोडायच्या आधीच झाकणाचा स्टीलचा डबा नाहीतर काचेची बरणी धुऊन, कोरडी करून शेजारी ठेवा. लागेल तेवढा रस पातेल्यात, बाकीचा लगेच बरणीत आणि बरणी फ्रिजात. जेवणं होईपर्यंत ओट्यावर राहू द्यायचा नाही, बाहेर जास्तीत जास्त दोन तास, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात एकच तास धरा. घेताना चमचा कोरडा, उष्टा तर नाहीच नाही. मी बरणीवर कागदी पट्टी चिकटवून तारीख लिहिते, कारण 'परवाच तर फोडला' म्हणता म्हणता आठवडा होतो.

किती दिवस, ते आंबटपणावर आहे. आमरस, अननस, टोमॅटो असलं आंबट ५ ते ७ दिवस. स्वीटकॉर्न, वाटाणे, मशरूम, राजमा, मासे ह्यांना आंबटपणाचा आधार नाही, हे ३ ते ४ दिवसांतच संपवायचं. वास चांगला येतोय म्हणून पाचव्या दिवशी कॉर्न खाऊ नका, आजारी पाडणारे जंतू कितीतरी वेळा वास देतच नाहीत. मिल्कमेड गोड असल्यानं टिकतं असं वाटतं, तरी तेही बरणीत काढा आणि डब्यावर लिहिलेत तेवढेच दिवस धरा.

प्रश्न: किराणा दुकानातून आणलेला स्वीटकॉर्नचा डबा वरून फुगलाय, दाबला की टक्‌ करून परत वर येतो. तारीख अजून वर्षभर आहे. उकळून वापरू का? (लातूर)

उत्तर: नको. फोडू पण नका, चाखू तर अजिबात नका. आत जंतू वाढून गॅस झाल्यावर डबा असा फुगतो, मग तारीख काहीही असो. बोट्युलिझमचा जंतू हवा नसलेल्या, आंबट नसलेल्या डब्यातच वाढतो, तो मरावा म्हणून कारखान्यात असले डबे १२१ अंशांपर्यंत तापवतात, त्यात कुठं कसर राहिली तर त्याचं विष तयार होतं, आणि त्या विषाला ना वास ना चव. नसा लुळ्या पडतात, श्वास थांबतो, म्हणून एवढ्या कळकळीनं सांगतेय. न फोडताच दुकानदाराला परत द्या, घेत नसेल तर दोन पिशव्यांत घट्ट बांधून टाका, कुत्र्या-गुरांच्या तोंडी लागायला नको. शिवणीवर खोल पोचा आलेला किंवा गळणारा डबाही घेऊच नका. वरवरचा गंज फडक्यानं पुसून जात असेल तर चालतं.

प्रश्न: आमच्याकडं उन्हाळ्यात लाइट चार-चार, पाच-पाच तास जाते. उरलेल्या रसाचं काय करावं? (अंबाजोगाई)

उत्तर: दार उघडलं नाही तर फ्रिज साधारण ४ तास गार राहतो. लेकरं पाण्याच्या बाटलीसाठी सारखं दार उघडतात ना, तिथंच गारवा जातो, लाइट गेली की पाण्यासाठी माठ. त्याहून जास्त वेळ गेली तर फोडलेलं कॉर्न-मशरूम टाकून द्या, आंबट रसाचं त्यातल्या त्यात निभतं. पण रस आठवड्यात संपणार नाही हे पहिल्याच दिवशी कळतं की, मग त्याच दिवशी बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून फ्रीझरला लावा, गोठला की खडे काढून झाकणाच्या डब्यात भरा. भरलेला फ्रीझर बंद ठेवला तर लाइट नसताना दीड-दोन दिवस निघतात. लागतील तेवढेच खडे आदल्या रात्री वाटीत काढून खालच्या कप्प्यात ठेवा, सकाळी पुऱ्या तळेपर्यंत रस तयार.