रोबो, सोनेरी गुडघा आणि झोपून काढलेला एक्स-रे

गुडघा बदलण्याच्या ऑपरेशनबद्दल तुम्ही पाठवलेल्या बहुतेक पत्रांत यंदाही 'रोबो' आहेच. तर घ्या.

प्रश्न : सासूबाईंची 'वाटी बदलायची' आहे. पूर्ण गुडघा काढतात का? (कोपरी)

नाही. हाडांच्या टोकांचा 8-10 मिलिमीटर थर काढून त्यावर धातू बसवतात, मध्ये प्लास्टिक. वाटी अनेकदा स्वतःचीच राहते.

प्रश्न : ऑपरेशन रोबो करतो की डॉक्टर? 'त्याच दिवशी चाला' असं होर्डिंग पाहिलं. (घोडबंदर रोड)

डॉक्टर. रोबो आधी गुडघ्याचा नकाशा तयार करतो, काही यंत्रं सीटी स्कॅनवरून, काही ऑपरेशन चालू असतानाच. मग करवत ठरलेल्या हद्दीबाहेर जाऊ देत नाही. काप अचूक येतो, हे मान्य. पण त्यामुळे दहा वर्षांनी गुडघा कमी दुखतो, असं अजून ठामपणे सिद्ध झालेलं नाही. त्याच दिवशी चालणं जमतं ते भूल, नसेचा ब्लॉक (नस बधिर करणारं इंजेक्शन) आणि फिजिओथेरपी यांमुळे. रोबो नसला तरी जमतं.

परवा एक काकू आल्या. मोबाईलमध्ये होर्डिंगचा फोटो, पिशवीत एक्स-रे. एक्स-रे झोपून काढलेला, त्यात सांध्यात छान फट, म्हणजे झीज नसल्यासारखीच, दिसत होती. उभं करून पुन्हा काढला, तर आतल्या बाजूला हाडाला हाड टेकलेलं. पाय धनुष्यासारखा वाकलेला होताच, तो साडीत झाकला जायचा. गेली चार वर्षं 'रोबो स्वस्त झाला की करू' म्हणत त्या थांबल्या होत्या, आणि तेवढ्यात मांडीचे स्नायू वाळले. हे स्नायू कुठलंच यंत्र परत देत नाही. आधी उभ्याने एक्स-रे काढा, मग यंत्राचं बोलू.

प्रश्न : सोनेरी गुडघा 30 वर्षं टिकतो म्हणे. घ्यावा का? (वाशी)

रंग लेपाचा आहे, सोन्याचा नाही. धातूतल्या निकेलची ॲलर्जी असेल तर विचार करता येतो. साधे गुडघेही 25 वर्षांनंतर शंभरांतले ऐंशीएक टिकलेले असतात, ही परदेशी नोंदवह्यांतली आकडेवारी. सोनेरीचे 30 वर्षांचे पुरावे विक्रेत्याकडेच मागा. ऑगस्ट 2017 पासून गुडघ्याच्या इम्प्लांटच्या, म्हणजे आत बसवायच्या कृत्रिम सांध्याच्या, किमतीवर सरकारी मर्यादा आहे. पण ती इम्प्लांटवर, रोबोच्या भाड्यावर नाही. 'पॅकेज' ऐकलंत की इम्प्लांटची रक्कम वेगळी लिहून मागा.

प्रश्न : ग्रीसचं (सांध्यात वंगण म्हणून देतात ते) इंजेक्शन घेऊन वर्षभर ढकलू का? (नेरूळ)

झीज किती, ते न बघता कसं सांगू? दाखवा.

प्रश्न : एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) 9.2 आहे, पुढच्या आठवड्यात तारीख मिळालीय. (कळवा)

तारीख पुढे ढकला. साखर एवढी असताना जंतुसंसर्गाची भीती जास्त, आणि तो झाला तर बसवलेला गुडघा काढावाही लागतो. आजच फिजिशियनला भेटा, दुखरा दात असेल तर दंतवैद्यालाही.