वाचकांचे प्रश्न : बीनचे नाव कोणी ठेवायचे?

प्रश्न : आमची टीम स्प्रिंग या फ्रेमवर्कवर बांधलेला एक जावा प्रकल्प सांभाळते. संदेश पाठवण्यासाठी एक इंटरफेस असून त्याखाली दोन क्लास आहेत, एक एसएमएसचा आणि दुसरा ईमेलचा. एसएमएसच्या क्लासच्या नावात फक्त पहिला ‘एस’ कॅपिटल होता. एका सहकाऱ्याने नीटनेटकेपणासाठी तिन्ही अक्षरे कॅपिटल केली. कोड कंपाइल झाला, पण अ‍ॅप्लिकेशन सुरूच होईना. पॅरामीटरचे नावही त्याप्रमाणे, पहिला ‘एस’ स्मॉल आणि पुढची अक्षरे कॅपिटल, असे करून पाहिले. उपयोग झाला नाही. आता काही जण म्हणतात की प्रत्येक घटकाला, म्हणजे बीनला, आपणच नाव द्यावे, तर काहींच्या मते कंटेनर (घटक तयार करून एकमेकांना जोडणारा स्प्रिंगचा भाग) देतो तेच नाव ठेवावे. काय करावे?

उत्तर : अ‍ॅप्लिकेशन का अडले ते आधी पाहू. घटकावर लावलेल्या खुणेत, म्हणजे अ‍ॅनोटेशनमध्ये नाव दिलेले नसेल, तर स्प्रिंग पॅकेज वगळून उरणारे क्लासचे नाव घेते, त्याचे पहिले अक्षर स्मॉल करते आणि तेच बीनचे नाव ठरवते. इंजेक्शनच्या वेळी, म्हणजे एका घटकाला लागणारा दुसरा घटक पुरवताना, मात्र कंटेनर आधी टाइप (कोणता क्लास किंवा इंटरफेस हवा आहे ते) पाहतो. त्या टाइपचे एकच बीन असेल, तर त्याचे नाव काय आहे याच्याशी कंटेनरला देणेघेणे नसते. दोन सापडली, त्यांपैकी कोणावरही ‘प्रायमरी’ची, म्हणजे पहिल्या पसंतीची, खूण नसली आणि मागणाऱ्यानेही क्वालिफायर (नेमके कोणते बीन हवे ते सांगणारी खूण) दिलेला नसला, तर कन्स्ट्रक्टरमधल्या पॅरामीटरचे नाव एखाद्या बीनच्या नावाशी जुळते का, हे तो पाहतो. तुमच्याकडे ते इतके दिवस जुळत होते, आणि बहुधा कोणी मुद्दाम जुळवलेले नव्हते. क्लासचे नाव बदलताच बीनचे नाव बदलले आणि दोघांपैकी कोणते बीन द्यायचे हे कंटेनरला ठरवता येईना.

आता तुमच्या दुसऱ्या प्रयत्नाचे कोडे. पहिले अक्षर स्मॉल करण्याच्या नियमाला जावाबीन्स या जावाच्या जुन्या संकेतांच्या काळापासून एक अपवाद आहे : नावातली पहिली दोन्ही अक्षरे कॅपिटल असतील, तर नावाला हात लावला जात नाही. यूआरएलसारख्या आद्याक्षरांच्या शब्दांचे रूप बिघडू नये, हा त्यामागचा हेतू. त्यामुळे तुमच्या नव्या क्लासचे बीन तिन्ही कॅपिटल अक्षरे जशीच्या तशी घेऊन नोंदले गेले, आणि स्मॉल ‘एस’ने सुरू होणारे कोणतेही पॅरामीटर त्याच्याशी जुळणे शक्यच नव्हते. हा नियम माहीत नसल्याने दिवस घालवलेले लोक मी बरेच पाहिले आहेत. त्यांत मीही आलोच.

म्हणून माझा कौल असा. ज्या टाइपचे एकच बीन आहे, त्याला स्वतः नाव देण्याचा खटाटोप करू नये. ते नाव कोणी वाचत नाही आणि क्लासचे नाव बदलल्यावर मागे राहून दिशाभूल मात्र करते. जिथे दोन किंवा अधिक बीन्स आहेत, तिथे निवड पॅरामीटरच्या नावावर सोडू नये, क्वालिफायरने उघडपणे सांगावी. पॅरामीटरचे नाव ही वाचणाऱ्याच्या सोयीची गोष्ट आहे आणि ती बदलताना प्रोग्रामरला धास्ती वाटता कामा नये. शिवाय कंपाइल करताना पॅरामीटरची नावे क्लासफाइलमध्ये ठेवण्याचा पर्याय चालू नसेल, तर स्प्रिंगच्या ६.१ आवृत्तीपासून ती नावे कंटेनरला कळतही नाहीत.

क्वालिफायरमध्ये शब्द कोणता घालावा, हा खरा विचार करण्याचा भाग आहे. मागणाऱ्याला काय हवे आहे, ते त्या नावात यावे. ओटीपी पाठवणाऱ्या सर्व्हिसला संदेश ताबडतोब पोहोचायला हवा असतो. तो एसएमएसने जातो की आणखी कशाने, हा तिचा विषय नाही. तिथे ‘तातडीचा’ या अर्थाचे नाव दिले, तर उद्या मार्ग बदलला तरी ते खोटे पडत नाही. उलट, ग्राहकाने स्वतः एसएमएस हा मार्ग निवडलेला असेल, तर तिथे एसएमएस हेच नाव योग्य. एकुलत्या एका क्लासला इंटरफेसच्या नावापुढे ‘इम्प्ल’ (इम्प्लिमेंटेशनचे लघुरूप) जोडून मोकळे होण्याची सवय मला मुळीच आवडत नाही, कारण दुसरा क्लास आला की त्याला काय म्हणायचे हे कोणालाच सुचत नाही.

क्वालिफायर स्ट्रिंगमध्ये लिहिण्याऐवजी स्वतःचे छोटे अ‍ॅनोटेशन तयार करता येते. स्ट्रिंगमधली चूक कंपायलरला दिसत नाही, अ‍ॅनोटेशनच्या नावातली दिसते. ग्यूस या गूगलच्या अशाच फ्रेमवर्कच्या दस्तऐवजातही ‘नेम्ड’ हे स्ट्रिंगवर चालणारे अ‍ॅनोटेशन याच कारणासाठी जपून वापरण्याची शिफारस आहे.

एका ठिकाणी मात्र बीनला स्वतः नाव द्यावेच. इंटरफेसच्या सगळ्या बीन्सचा मॅप (की आणि तिच्यासमोरचे मूल्य अशा जोड्यांचा संच) इंजेक्ट केला, तर बीनचे नाव हीच त्या मॅपची की असते. ती की डेटाबेसमधल्या एखाद्या कॉलममध्ये साठवली असेल, तर क्लासचे नाव बदलल्यावर अ‍ॅप्लिकेशन बिनतक्रार सुरू होते आणि पहिली नोंद वाचताना हाती नल, म्हणजे ‘काहीच नाही’, येते. तुमचे सुरू होतानाच अडले, हे त्या मानाने बरे झाले.

प्रश्न : दोन वेगळ्या पॅकेजांत एकाच नावाचे क्लास असल्याने कंटेनर नावे भिडल्याची तक्रार करतो. एकाचे नाव बदलावेच लागेल का?

उत्तर : नाही. एकाच्या अ‍ॅनोटेशनमध्ये वेगळे नाव दिले की काम भागते. असे क्लास पुष्कळ असतील, तर पॅकेजसह पूर्ण नाव वापरणारा नेम जनरेटर स्प्रिंगमध्ये ५.२.३ पासून तयार मिळतो. तो लावण्याआधी मात्र पहिल्या प्रश्नातला, पॅरामीटरच्या नावावरून बीन निवडले जाण्याचा, प्रकार तुमच्या कोडमध्ये कुठे दडला आहे, ते शोधून तिथे क्वालिफायर घाला. पूर्ण नावात टिंबे असतात, आणि टिंब असलेले पॅरामीटर जावामध्ये लिहिताच येत नाही.