अकरा महिन्यांची ‘मादाम’

विचारणा थोडक्यात अशी आहे: फ्रान्सच्या, व्हर्सायच्या राजवाड्यातल्या राजघराण्याबद्दल वाचताना ‘मादाम सोफी, १७८६–१७८७’ अशी नोंद दिसली. सालं पाहता मूल जेमतेम वर्षाचं. मग ते ‘मादाम’ कसं? मादाम म्हणजे लग्न झालेली बाई ना? ही छपाईतली चूक, की दोन वेगळ्या व्यक्तींची सरमिसळ? आणि मराठीत या मुलीचा उल्लेख श्रीमती, कुमारी की आणखी कसा करायचा?

चूक अजिबात नाही. ही मुलगी म्हणजे सोफी एलेन बेआत्रिस, फ्रान्सचा राजा सोळावा लुई आणि राणी मारी आंत्वानेत यांचं चौथं आणि शेवटचं अपत्य. ती जन्मली त्या दिवसापासून दरबारात मादाम सोफीच होती. सरमिसळीची शंकाही अगदीच निराधार नाही, कारण याच नावाची दुसरी एक मादाम सोफी खरोखर होऊन गेली. तिच्याकडे नंतर येतो.

आधी शब्द. ‘मादाम’ म्हणजे ‘मा दाम’, माझी दाम. हा ‘दाम’ लॅटिन ‘दोमिना’वरून आला, आणि दोमिना म्हणजे घरधनीण, जिच्या हाती सत्ता आहे ती. पॅरिसच्या ‘नोत्र दाम’मधला दामही हाच, तिथे तो मेरीमातेला लावलेला आहे. म्हणजे मुळात या शब्दात नवरा कुठेच नाही, आहे तो फक्त मान. सामान्य घरात बाईला तो मान लग्नानंतर मिळायचा, म्हणून पुढे शब्दाला लग्नाचा अर्थ चिकटला. राजाच्या मुलीचं तसं नव्हतं. तिचा मान कुण्या नवऱ्याकडून यायचा नव्हता, तो बापाच्या गादीवरून आलेला होता. राजाच्या मुलीला ‘फीय द फ्रान्स’ म्हणत, म्हणजे फ्रान्सची लेक. मला हा शब्दप्रयोग फार भारदस्त वाटतो. आडनावाच्या जागी अख्खा देश! आणि फ्रान्सची लेक म्हटली की ती मादाम, मग वय तासाभराचं असो की साठ वर्षांचं.

दरबारात याचे बारकावे काटेकोर पाळले जात. राजाच्या थोरल्या मुलीला ‘मादाम रोयाल’ म्हणत. सोफीची थोरली बहीण मारी-तेरेझ (जन्म १७७८) या नावाने इतिहासात ओळखली जाते. नुसतं ‘मादाम’, पुढे नाव न लावता, म्हटलं की राजाच्या पाठच्या भावाची बायको समजायची. बाकीच्या राजकन्या मादाम अमुक, मादाम तमुक. राजाची बहीण मादाम एलिझाबेत हिने लग्न केलंच नाही, आणि १७९४ साली तिशी गाठताच गिलोटिनखाली गेली तरी ती मादाम एलिझाबेतच.

याचा सर्वांत ठसठशीत पुरावा सोळाव्या लुईचा आजोबा पंधरावा लुई याच्या घरात सापडतो. त्याला आठ मुली. लग्न होऊन इटलीतल्या पार्म्याला गेली ती एकटी थोरली. उरलेल्या सगळ्या अविवाहित, आणि सगळ्या मादाम. त्यांचं अनेकवचन ‘मेदाम’. व्हर्सायच्या कागदांत ‘मेदाम’ आलं की बहुधा याच बहिणी. राजघराण्यातल्या मुलांवर जन्मतःच पाणी शिंपडण्याचा छोटा विधी होई, पण नाव ठेवण्याचा पूर्ण संस्कार पुढे कितीतरी वर्षं लांबे. आपल्याकडे बाराव्या दिवशी बारसं होतं. इथे मुलगी धावू-बोलू लागली तरी बिननावाची. मग हाक काय मारायची? मादाम पहिली, मादाम दुसरी, मादाम तिसरी! सर्वांत धाकटीला ‘मादाम दर्न्येर’, म्हणजे शेवटची मादाम, असंही म्हणत. १७२८ साली जन्मलेली तिसरी मुलगी १७३३ मध्ये वारली. मृत्यू समोर दिसल्यावर घाईघाईने तिचा संस्कार उरकला आणि आईबापांची नावं तिला दिली. तोवरचं तिचं सारं आयुष्य ‘मादाम तिसरी’ या नावावर गेलं. पदवी आधी आणि नाव मागाहून, अशी ही गोष्ट आहे.

मादमोझेल या शब्दाचंही तसंच. आज आपण त्याचा अर्थ ‘कुमारी’ असा घेतो. पण सतराव्या शतकात साध्या मध्यमवर्गीय घरातल्या विवाहित बाईलाही मादमोझेल म्हणत. नट आणि नाटककार मोलिएर याची बायको ‘मादमोझेल मोलिएर’ म्हणूनच ओळखली जाई. म्हणजे राजाची तान्ही मुलगी मादाम आणि नटाची लग्नाची बायको मादमोझेल! दोन्हीकडे विचार दर्जाचा, लग्नाचा नाही.

आता त्या मुलीविषयी. सोफीचा जन्म ९ जुलै १७८६ रोजी व्हर्सायला झाला. दिवस राणीसाठी वाईट होते. राणीच्या नावावर फसवणूक झालेल्या हिऱ्यांच्या हाराच्या प्रकरणाचा निकाल ३१ मेला लागला होता आणि त्यात दोष नसतानाही बदनामी तिचीच झाली होती. मुलीला नाव दिलं ते राजाच्या दिवंगत आत्याचं. हीच ती दुसरी मादाम सोफी, पंधराव्या लुईच्या आठांपैकी एक, १७३४ ला जन्मलेली आणि १७८२ ला वारलेली. धाकटी सोफी १९ जून १७८७ रोजी गेली. पहिला वाढदिवस वीस दिवसांवर आला होता. दात येण्याचं वय, आणि शेवटी आकडी येत होती. त्या काळी राजवैद्य हाताशी असले तरी अशा आजारापुढे ते हतबलच होते.

तिच्या मृत्यूची खूण एका चित्रात राहिली आहे. एलिझाबेत विजे ल ब्रं ही चित्रकर्ती त्या वेळी राणीचं मुलांसह मोठं चित्र रंगवत होती. बदनाम राणी आई म्हणून लोकांसमोर यावी हा त्यामागचा हेतू. लाल मखमली पोशाखातली राणी मध्यभागी बसली आहे, मांडीवर धाकटा लुई-शार्ल, दंडाला बिलगलेली मारी-तेरेझ. उजव्या बाजूला युवराज लुई-जोझेफ पाळण्याजवळ उभा आहे आणि पाळण्याकडे बोट दाखवतो आहे. पाळण्यात सोफी असायची होती. ती गेल्यावर तिला चित्रातून काढून टाकलं, पाळणा मात्र ठेवला. रचना जिवंत बाळासाठी आखलेली होती, म्हणून त्या मुलाचं बोट आज पाहणाऱ्याला इतकं खटकतं. तोही १७८९ च्या जूनमध्ये, आठवं वर्ष पुरं व्हायच्या आत गेला.

याच १७८७ च्या उन्हाळ्यात पॅरिसच्या लोकांनी राणीला नवं नाव ठेवलं: ‘मादाम देफिसित’. खजिन्यातली तूट तिच्या माथी मारली गेली. घरात धाकटी मादाम नुकतीच गेलेली, आणि रस्त्यावर तोच मानाचा शब्द आईला टोचण्यासाठी वापरला जात होता. पुढे फ्रेंच क्रांतीने शब्दच मोडीत काढला. १७९२ पासून सगळ्या बायका ‘सितोयेन’, म्हणजे नागरिक. राजाही पदवी जाऊन नुसता ‘लुई कापे’ झाला. १७९३ च्या ऑक्टोबरमध्ये सँ-दनीच्या चर्चमधल्या राजघराण्याच्या कबरी उकरून अवशेष खड्ड्यांत टाकले गेले.

आता मराठीचं. आपला ‘मॅडम’ हा याच शब्दाचा इंग्रजीतून आलेला वंशज. शाळेतल्या बाईंना किंवा कचेरीतल्या साहेबबाईंना मॅडम म्हणताना आपण त्यांचं लग्न झालंय का हे विचारत नाही. म्हणजे मूळचा मानाचा अर्थ आपण नकळत राखला आहे. ‘सौ.’ आणि ‘कु.’ यांचं तसं नाही, त्यांचा पायाच लग्न. म्हणून ‘कु. सोफी’ नको. ‘श्रीमती सोफी’ लिहिलं तर मराठी वाचकासमोर पोक्त बाई उभी राहते, तेही नको. कथनात ‘राजकन्या सोफी’ लिहा, पदवीचा संदर्भ असेल तिथे ‘मादाम सोफी’ तसंच ठेवा आणि पहिल्या उल्लेखाला सालं जोडा. चित्रांच्या बाबतीत तर सालं हवीतच: चित्रकार नात्येने १७४८ च्या सुमारास फोंतव्रोच्या मठात रंगवलेली मादाम सोफी ही राजाची आत्या आहे, त्याची तान्ही मुलगी नव्हे.