सासूबाईंची सेवा करताना चिडचिड होते, प्रार्थनाही होत नाही. माझा विश्वास कमी पडतोय का?

ताई, सलाम. तुम्ही लिहिलंय की सासूबाईंना स्मृतिभ्रंश आहे, रात्री उठून त्या दार उघडायला जातात, दिवसभर तेच तेच विचारतात. तुमची झोप होत नाही, रविवारची उपासना सुटली आहे. मंडळीत कुणाला सांगितलं तर ‘प्रार्थना वाढवा, देव शक्ती देईल’ एवढंच ऐकायला मिळतं. दीर चर्चच्या कमिटीवर आहेत, दानधर्मही करतात, पण आईजवळ एक रात्र बसलेले नाहीत. बाई ठेवावी असं मनात आलं तरी ते पाप वाटतं.

तुमचा विश्वास पुरेसा आहे. तुमच्याजवळ माणसं पुरेशी नाहीत.

बायबलमधलं गणना हे पुस्तक, अध्याय ११ उघडा आणि ११ ते १७ ही वचनं सावकाश वाचा. वाळवंटात मोशे अगदी टेकीला आला आहे. तो देवाला विचारतो, ह्या लोकांना मी पोटात वाढवलं का, मी ह्यांना जन्म दिला का, की तान्ह्या बाळासारखं मीच ह्यांना उराशी धरून न्यावं? मला एकट्याला हे ओझं झेपत नाही. असंच चालायचं असेल तर मला मारूनच टाक. ज्याच्याशी देव समोरासमोर बोलत असे, तो माणूस हे बोलतोय. देव त्याच्यावर रागावत नाही, विश्वास वाढव असंही सांगत नाही. वडीलजनांतले ७० जण जमव, म्हणतो. तुझ्यावर असलेल्या आत्म्यातून मी त्यांना देईन, ते तुझ्याबरोबर भार वाहतील, तुला एकट्याला वाहावा लागणार नाही. माझ्या वडिलांनाही शेवटची काही वर्षं हाच आजार होता, आणि त्या काळात मला सर्वांत जास्त आधार ह्याच अध्यायाने दिला. शक्ती मागितली की ती आपल्याच अंगात यावी अशी आपली अपेक्षा असते. मोशेला मिळालं ते मनुष्यबळ.

म्हणून बाई ठेवण्यात पाप नाही. योहान १९ मध्ये प्रभू वधस्तंभावरून आपल्या आईला एका शिष्याच्या हाती सोपवतो, आणि तो शिष्य तिला आपल्या घरी नेतो. आईची जबाबदारी दुसऱ्या विश्वासू हातांत देणं हीसुद्धा आईची काळजीच आहे, हे त्याने स्वतः करून दाखवलं.

दिरांबद्दल. मार्क ७ मध्ये कुर्बानचा विषय येतो. आईबापांना जे द्यायचं ते देवाला अर्पण केलं असं सांगून हात झटकणाऱ्यांना येशू फार कडक बोलला. त्यामुळे तुमची रविवारची गैरहजेरी मनाला लावून घेऊ नका, आणि कमिटीचं काम हे आईजवळ न बसण्याचं कारण ठरू शकत नाही. जो घरच्यांची तरतूद करत नाही त्याने विश्वास नाकारला आहे, हे १ तीमथ्य ५:८ चं वचन आपल्याकडे सुनेलाच ऐकवलं जातं. त्याच्या आधीचं चौथं वचन मुलं आणि नातवंडं असं नाव घेऊन सांगतं. हे तुम्ही न बोलता यजमानांनी आपल्या भावाला सांगावं, तेही भांडण न करता. ‘मदत कर’ असं मोघम नको, ‘शनिवारची रात्र तुझी’ असं ठरवून.

चिडचिडीबद्दल थोडं. पन्नासदा तोच प्रश्न आला की कुणीही चिडेल. त्यांना आधीचं उत्तर आठवत नाही, आजारच तसा आहे. वाद घालून, आठवण करून देऊन उपयोग होत नाही; विषय बदला, हातात निवडायला शेंगा द्या. हात उगारावासा वाटलाच तर त्या सुरक्षित बसल्या आहेत एवढं पाहून खोलीबाहेर या. बऱ्याच जणांची बेचैनी दिवेलागणीला वाढते, त्या वेळी जुनी गायनं म्हणून पाहा. नावं विसरलेली माणसं लहानपणी पाठ झालेली रेव्हरंड टिळकांची पदं पुष्कळदा कडव्यानिशी म्हणतात. माझ्या वडिलांना मला ओळखता येत नव्हतं तेव्हाही ते माझ्याबरोबर गात. तुमची वेगळी प्रार्थना होत नसेल तर हीच दोघींची प्रार्थना समजा.

आणखी एक, हे विसरू नका. एकदोन दिवसांत अचानक गोंधळ वाढला, त्या फार झोपाळल्या किंवा भलतंच दिसतंय म्हणू लागल्या, तर ‘आजार वाढला’ म्हणून गप्प बसू नका. म्हाताऱ्या माणसांत लघवीचा जंतुसंसर्गही असा दिसतो, डॉक्टरांना लगेच दाखवा. घराबाहेर जाण्याची भीती आहे तर त्यांच्या कपड्यात फोन नंबरची चिठ्ठी शिवून ठेवा. ज्येष्ठांसाठी सरकारची १४५६७ ही हेल्पलाइन आहे. तुमचं स्वतःचं मन फार खचलं तर १४४१६ वर टेली-मानसला फोन करा, तो मोफत आहे. वय ७० किंवा त्याहून जास्त असेल तर २०२४ पासून आयुष्मान कार्ड उत्पन्नाची अट न ठेवता मिळतं, ते काढून घ्या.

आता पाळकसाहेबांना फोन करा. ‘आमच्यासाठी प्रार्थना करा’ एवढ्यावर थांबू नका. सांगा, ‘सासूबाईंना घरी प्रभुभोजन द्यायला या, आणि महिला मंडळातल्या दोघीजणी दर गुरुवारी चार ते सहा आमच्याकडे बसतील असं बघा, मला झोपायचं आहे.’ आमच्या नगरच्या मंडळीत असं सुरू झालं ते एका बहिणीने असंच सरळ मागितलं म्हणून. पाळकसाहेबांना जमलं नाही तर मंडळाच्या सेक्रेटरीबाईंना विचारा, आणि काय झालं ते इथे कळवा.