‘स्पेक्टर’ने इतकी तगडी मंडळी वाया घालवली का?

तुमचा प्रश्न असा: २०१५ च्या ‘स्पेक्टर’ या बाँडपटात क्रिस्टॉफ वॉल्ट्झ, मोनिका बेलुची, अँड्र्यू स्कॉट, डेव्ह बटिस्टा अशी एकाहून एक माणसं घेतली आणि कुणाच्याच वाट्याला धड काही आलं नाही, असं इतरांनाही वाटलं का?

मला वाटलं. फक्त ‘कुणाच्याच’ एवढं काढून टाका. आणि या चित्रपटाबद्दल नेहमी जी तक्रार ऐकू येते, की अमक्याला पाचच मिनिटं दिली, तमकीला दोनच प्रसंग दिले, ती मला फारशी पटत नाही. कारण अख्ख्या चित्रपटात ज्याचं काम सगळ्यात जबरदस्त झालंय, तो नट मुळात एकाच मोठ्या प्रसंगाचा धनी आहे.

येस्पर क्रिस्टेनसन, म्हणजे मिस्टर व्हाइट. ‘कसिनो रॉयाल’ (२००६) पासून बाँडला हुलकावण्या देत आलेला माणूस. ऑस्ट्रियातल्या तळ्याकाठच्या एका उजाड घरात बाँड त्याला गाठतो. घरात कावळे, तळघरात अंधार, मधे बुद्धिबळाचा पट. व्हाइटला त्याच्याच संघटनेने फोनमधून थॅलियमचं विष दिलंय आणि तो आठवड्यांचा सोबती उरलाय. बाँडला त्याच्याकडून माहिती हवी आहे, पण मरायला टेकलेल्या माणसाला धाक तरी कसला घालणार? व्हाइटला एकच गोष्ट हवी आहे, ती म्हणजे आपल्या मुलीचा जीव वाचावा. बाँड शब्द देतो आणि शब्दाला तारण म्हणून स्वतःचं पिस्तूल टेबलावर ठेवतो. व्हाइट ते उचलतो. बाँडवर झाडेल असं क्षणभर वाटतं, आणि तो स्वतःवर झाडतो. दोन माणसं, एक टेबल, एक हत्यार. आरडाओरडा नाही, पाठलाग नाही. हा प्रसंग मी अधूनमधून अजूनही लावून बघतो.

म्हणजे मिनिटांचा हिशोब लावून काही हाती लागत नाही. व्हाइटला काहीतरी हवं आहे आणि त्यासाठी तो स्वतःच्या डोक्याने निर्णय घेतो. बाकीच्या खलनायकांकडून नेमकं हेच काढून घेतलंय. का काढून घेतलं, ते पुढे येईलच. त्याला थोडा कोर्टकचेरीचा इतिहास आहे.

आधी वॉल्ट्झ. दोन ऑस्कर मिळवलेला नट, आणि दोन्ही क्वेंटिन टॅरँटिनोच्या चित्रपटांतल्या भूमिकांना. त्याची खासियत काय, तर बोलणं. त्यातल्याच ‘इनग्लोरियस बास्टर्ड्स’मध्ये फ्रेंच शेतकऱ्याच्या घरी बसून दुधाचा पेला रिकामा करत, अतिशय अदबीने बोलत बोलत तो समोरच्याचा श्वास कोंडतो. अशा माणसाला घेतल्यावर त्याला बाँडसमोर बसवा आणि बोलू द्या की! ‘स्पेक्टर’मध्ये त्याची एन्ट्री झकास आहे, हे मान्य. स्पेक्टर या गुन्हेगारी संघटनेची रोममधली ती बैठक आठवा. लांबलचक टेबल, जगभरातल्या काळ्या धंद्यांचे अहवाल वाचून दाखवणं चाललंय, एकदम सगळे चिडीचूप होतात, आणि अंधारात तोंड असलेला एक माणूस येऊन बसतो. मग थोड्या वेळाने, वर सज्जात उभ्या असलेल्या बाँडला तो खालून नावाने हाक मारतो. अंगावर काटा येतो.

त्यानंतर हा माणूस जवळजवळ तासभर गायब! मोरोक्कोच्या वाळवंटात पुन्हा भेटतो तेव्हा त्याच्या तोंडी संवाद नाहीत, खुलासे आहेत. मी कोण, माझा बाप कोण, मी मेल्याचं सोंग कसं केलं, तुझ्या आयुष्यात आजवर जे वाईट झालं ते सगळं मीच कसं घडवलं. आणि कारण ऐका: अनाथ बाँडला याच्या बापाने दोन हिवाळे सांभाळलं, लाड केले, म्हणून याचा जळफळाट झाला. त्यावरून बापाचा खून, आणि पुढे जगभर पसरलेली गुन्हेगारी संघटना. बापाने दुसऱ्याच्या पोराला जवळ घेतलं म्हणून एवढा व्याप? भाऊबंदकीत आपल्याकडे बांधावरून कुऱ्हाडी निघतात, पण त्यातसुद्धा काहीतरी तर्क असतो.

बरं, या सगळ्यातून साधायचं काय होतं? तर वॉल्ट्झचा फ्रान्झ ओबरहाउझर हाच अर्न्स्ट स्टावरो ब्लोफेल्ड, म्हणजे जुन्या बाँडपटांतला स्पेक्टरचा म्होरक्या आहे, हे गुपित फोडायचं. चित्रपटाचं नाव ‘स्पेक्टर’. बाँडचे जुने चित्रपट पाहिलेल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक की स्पेक्टर म्हटलं की ब्लोफेल्ड आलाच. तरी प्रदर्शनाआधी वॉल्ट्झ मुलाखतींतून ‘छे, मी ब्लोफेल्ड नाही’ सांगत फिरत होता. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, ते असं. त्यात मजा अशी की ते नाव ऐकून बाँडच्या चेहऱ्यावरची माशीही हलत नाही, कारण डॅनियल क्रेगच्या बाँडने ते नाव आयुष्यात कधी ऐकलेलंच नाही. दचकायचं ते फक्त प्रेक्षकाने. पुढे वॉल्ट्झनेही आपण ब्लोफेल्ड मनासारखा रंगवू शकलो नाही, अशी कबुली दिली. मी दोष त्याला देत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

आता तो इतिहास. ब्लोफेल्ड आणि स्पेक्टर यांच्या हक्कांवरून केविन मॅक्लोरी नावाच्या निर्मात्याने बाँडचा जनक लेखक इयन फ्लेमिंगशी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच कोर्टात भांडण मांडलं होतं. त्याचं शेपूट इतकं लांबलं की मूळ बाँडमालिकेत पुढे कैक वर्षं ब्लोफेल्डचं नाव घेण्याची सोय राहिली नाही. मॅक्लोरी वारल्यावर, २०१३ च्या नोव्हेंबरात त्याच्या वारसांशी तडजोड झाली आणि ते हक्क परत आले. त्याच्या आदल्याच वर्षी ‘स्कायफॉल’ने जगभर १०० कोटी डॉलरच्या वर धंदा केला होता. अशा वेळी हातात आलेलं खेळणं कोण कपाटात ठेवेल? लगेच पुढच्याच चित्रपटात ब्लोफेल्ड हवा, आणि नुसता हवा असं नाही, तर क्रेगने केलेल्या आधीच्या तिन्ही बाँडपटांचा कर्ताकरविताही तोच हवा.

इथेच बाकीच्यांची माती झाली. सगळं एकाच माणसाने केलं म्हटल्यावर उरलेले सगळे त्याचे नोकर. नोकराला स्वतःचं काही हवं असण्याची गरज उरत नाही, आणि ज्याला काही नकोच आहे तो खलनायक कसला?

अँड्र्यू स्कॉटचं बघा. बीबीसीच्या ‘शेरलॉक’मधला मोरियार्टी म्हणून हा माणूस घराघरात पोचलेला. त्याला ब्रिटिश गुप्तचर खात्याचा नवा साहेब ‘सी’ म्हणून आणलं. आल्या आल्या प्रेक्षक ओळखतो की हा आतून फितूर आहे. आता फितुरी लपणारच नसेल, तर निदान त्याला पटेल असा युक्तिवाद तरी द्यायचा होता. विषय तर काय नामी होता! नऊ देशांची पाळतयंत्रणा एकत्र जोडायची, म्हणजे प्रत्येकाचा फोन, प्रत्येकाचा कॅमेरा एका जागी. एडवर्ड स्नोडेनने अमेरिकेच्या चोरट्या पाळतीचं बिंग फोडून दोनच वर्षं झाली होती. दक्षिण आफ्रिका या योजनेला नकार देते आणि लगेच केपटाऊनमध्ये स्फोट होतो, ही कल्पनासुद्धा धारदार आहे. ‘सी’ला मनापासून वाटायला हवं होतं की परवाना घेऊन माणसं मारत फिरणाऱ्या बाँडपेक्षा माझी यंत्रणा बरी. असा माणूस आणि रेफ फाइन्सचा ‘एम’, म्हणजे बाँडचा वरिष्ठ, समोरासमोर आले असते तर काय जुगलबंदी झाली असती! मिळालं काय, तर शेवटी एक पिस्तुलाची चकमक, ‘सी’वरून केलेला एक शाब्दिक विनोद, आणि स्कॉट उंचावरून खाली.

बटिस्टाबद्दल मात्र माझं मत इतरांपेक्षा वेगळं आहे. त्याचा हिंक्स वाया गेला असं मला वाटत नाही, निदान रेल्वेपर्यंत तरी. रोमच्या त्याच बैठकीत तो एका माणसाचे डोळे अंगठ्यांनी फोडून नोकरी मिळवतो, अंगठ्यांवर धातूची नखं. मग मोरोक्कोच्या रेल्वेतली मारामारी. तिथे पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच, नुसतं लाकूड मोडल्याचे आणि हाडं आपटल्याचे आवाज. क्रेगचा गुडघा याच मारामारीच्या चित्रीकरणात दुखावला, आणि पडद्यावर बघताना ते खोटं वाटत नाही. सबंध चित्रपटात हिंक्स एकच शब्द बोलतो, तोही शिवी, तोही गाडीबाहेर फेकला जाताना. अचूक आहे ते. तक्रार एवढीच, की तो गेल्यावर बाँडला शारीरिक भीती वाटावी असं कुणीच उरत नाही आणि चित्रपट अजून बराच बाकी असतो. पुढे ‘ब्लेड रनर २०४९’ मध्ये सुरुवातीच्या काही मिनिटांत या गड्याने काय केलंय ते बघा, म्हणजे त्याच्याकडे अजून किती होतं ते कळेल.

सगळ्यात हळहळ वाटते ती बेलुचीची. पन्नाशीच्या बाईला बाँडसमोर उभं करतायत, तीही क्रेगपेक्षा साडेतीन वर्षांनी मोठी, याचा केवढा गाजावाजा झाला होता! आणि तिचा घरातला प्रसंग त्या गाजावाजाला जागतो. नवऱ्याला पुरून लुसिया घरी येते, ग्लास भरते, गाणं लावते आणि बागेकडे चालू लागते. मागून दोन मारेकरी येतायत. तिला ते माहीत आहे, हे तिच्या चालण्यावरून आपल्याला कळतं. ती पळत नाही, वळतही नाही. गोळ्या सुटतात, पडतात ते मारेकरी, आणि मागे बाँड. एका शब्दाशिवाय त्या बाईचं अख्खं लग्न बेलुचीने दाखवलंय. पुढच्या प्रसंगात बाँड तिच्याकडून बैठकीचा पत्ता काढून घेतो, अमेरिकन मित्राकरवी सोय लावतो आणि निघतो. तिचं पुढे काय झालं हे चित्रपट पुन्हा विचारतही नाही. स्पेक्टरच्या एका बड्या माणसाची बायको, आतली सगळी खबर असलेली! पुढच्या ऑस्ट्रिया-मोरोक्कोच्या सफरीला तीच सोबत असती तर? पण तिथे व्हाइटची मुलगी मॅडलिन झालेली लेआ सेडू आहे, क्रेगपेक्षा सतरा वर्षांनी लहान, आणि दोनचार दिवसांच्या ओळखीत प्रेमाची कबुली. सेडूचा दोष नाही. बाप-लेकीचा धागा तिने चांगला पेललाय. बापाच्या आत्महत्येचं चित्रण ब्लोफेल्ड तिला मुद्दाम दाखवतो तो क्षण तर वॉल्ट्झचाही या चित्रपटातला सर्वोत्तम आहे. तोसुद्धा व्हाइटच्याच पुण्याईवर.

आपल्याकडे बेलुचीवर आणखी एक कात्री चालली. पहलाज निहलानी अध्यक्ष असताना सेन्सॉर बोर्डाने बाँडच्या चुंबनांची लांबी निम्म्यावर आणली, आणि ट्विटरवर ‘संस्कारी बाँड’चे विनोद आठवडाभर चालले. मुळात चिमूटभर भूमिका, तीही भारतात आणखी आखूड झाली.

मनीपेनी, म्हणजे ‘एम’ची सचिव, झालेल्या नेओमी हॅरिसबद्दल फार लिहीत नाही. ‘स्कायफॉल’मध्ये बंदूक चालवणारी बाई इथे रात्री घरून फोनवर माहिती पुरवते. बाँडला यंत्रं-हत्यारं पुरवणारा बेन विशॉचा ‘क्यू’ मात्र मजेत आहे. केबलकारमध्ये मागे माणसं लागल्यावर त्याचा जो चेहरा होतो, त्यासाठी त्याला सगळे गुन्हे माफ.

माझा खरा राग तुमच्या प्रश्नात नसलेल्या मंडळींच्या वतीने आहे. ‘कसिनो रॉयाल’मधला मॅड्स मिकेलसनचा ल शिफ्र पैसे बुडाल्यामुळे घाबरलेला जुगारी होता, आणि त्याच्या भीतीमुळेच तो भयानक वाटायचा. ‘स्कायफॉल’मधल्या हाविएर बार्डेमच्या सिल्वाला तर तेव्हाच्या ‘एम’ने, म्हणजे जुडी डेंचने, शत्रूच्या हाती सोडून दिलं होतं. त्याचा सूड त्याचा स्वतःचा होता, आईवर रुसलेल्या मुलासारखा. तो चित्रपटात तासाभराने उगवतो आणि लिफ्टपासून बाँडपर्यंत चालत येत उंदरांची गोष्ट सांगतो, तेवढ्यात चित्रपट त्याचा होऊन जातो. ‘स्पेक्टर’ एका वाक्यात या दोघांनाही ब्लोफेल्डचे पगारी नोकर करून टाकतो. स्वतःचे खलनायक वाया घालवलेत ते घालवलेत, शेजारच्या चित्रपटांतले कशाला नेलेत?

वाळवंटातल्या ब्लोफेल्डच्या तळाचा स्फोट करायला ८,४१८ लिटर रॉकेल आणि ३३ किलो स्फोटकं लागली. चित्रपटासाठी केलेला सगळ्यात मोठा स्फोट म्हणून गिनेसमध्ये नोंदही झाली. पडद्यावर बाँड आणि मॅडलिन उभं राहून तो बघतात, आणि आपणही तसेच बघतो. त्याच पैशांत चार लेखकांपैकी एकाला आणखी महिनाभर बसवलं असतं तर बेलुचीला परत आणता आलं असतं. तिसरा अंक लंगडा आहे हे स्टुडिओतल्या लोकांनाही कळत होतंच. २०१४ च्या शेवटी सोनीचे ई-मेल फुटले त्यात हीच काळजी होती.

सहकलाकाराला थोडक्या वेळात काय देता येतं याचा नमुना हवा असेल तर पुढचाच ‘नो टाइम टू डाय’ (२०२१) लावा. आना दे आर्मासची पालोमा क्युबाच्या त्या एका रात्रीपुरती येते. तीनच आठवड्यांचं प्रशिक्षण झालंय म्हणते, एका दमात पेला रिकामा करते, माणसं लोळवते आणि हसत निरोप घेऊन जाते. मात्र खलनायकाची हौस त्यातही भागणार नाही, रामी मलेकचं रडगाणं जवळपास वॉल्ट्झसारखंच आहे. त्यावर कुणी प्रश्न टाकलात तर वेगळं उत्तर लिहीन.