स्पायडर-मॅन (2018): कोणी म्हणतं अप्रतिम, कोणी म्हणतं एकसुरी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुना पीएस 4 (प्लेस्टेशन 4 हा गेम कन्सोल) घेतलाय, 'मार्व्हल्स स्पायडर-मॅन' घ्यायचा विचार आहे. एक मित्र म्हणतो असा सुपरहिरो गेम दुसरा नाही, दुसरा म्हणतो दहा तासांत तेच तेच सुरू होतं आणि कंटाळा येतो. ऐकायचं कोणाचं?

गेम घ्या. पण ज्याला कंटाळा आला त्याचं म्हणणं खोडून काढणार नाही, कारण मलाही तो आला होता. सप्टेंबर 2018 मध्ये गेम आला त्याच आठवड्यात मी घेतला. नकाशावर जे जे चिन्ह दिसेल ते साफ करत गेलो. एका भागातला टॉवर दुरुस्त केला की तिथली चिन्हं उघडतात. मी ती सगळी संपवायचो आणि मगच पुढच्या भागात पाय ठेवायचो. दहा-बारा दिवसांत शंभर टक्के झालं. विचारेल त्याला मी सांगायचो, 'चांगला आहे, पण एकसुरी आहे.'

त्या दिवाळीच्या सुट्टीत भाचा राहायला आला. वय वर्षं दहा. चार दिवसांत त्याने एकही मिशन पूर्ण केलं नाही. मी मागे बसून सांगतोय, 'अरे, तो निळा खांब दिसतोय ना, तिकडे जा.' तो म्हणतो, 'मामा, थांब ना, मला आधी त्या उंच बिल्डिंगवरून उडी मारायचीय.' ती ॲव्हेंजर्स टॉवर होती. दिवसातून पंचवीस वेळा वर चढायचा आणि उडी मारायचा. मग रस्त्यावर उतरून येणाऱ्या-जाणाऱ्याला टाळी द्यायचा. मी वीस-पंचवीस तास खेळूनही लोकांना टाळी देता येते हे मला ठाऊक नव्हतं. त्याला चार दिवसांत एकदाही कंटाळा आला नाही. तो गेल्यावर मी नवीन सेव्ह उघडला आणि ठरवलं: सबवेने (भुयारी रेल्वेने) झटपट प्रवास करायचा नाही, आणि वाटेत जे येईल तेवढंच करायचं. त्या खेपेला दोन महिने लागले, आणि लोक ज्याची स्तुती करतात तो गेम मला तेव्हा दिसला.

सगळं झोक्यावर, म्हणजे जाळं टाकून इमारतींमधून झुलत जाण्यावर, उभं आहे, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

जुन्या स्पायडर-मॅन गेम्समध्ये जाळं सरळ आकाशाला चिकटायचं. 2004 मध्ये ट्रेयार्क स्टुडिओने केलेल्या 'स्पायडर-मॅन 2' मध्ये ते पहिल्यांदा खऱ्या इमारतींना चिकटू लागलं. ती कल्पना जेमी फ्रिस्ट्रॉम या डिझायनरची. आजही जुने खेळाडू त्या गेमचं नाव काढतात ते एवढ्यासाठीच. (आपल्याकडे तेव्हा बहुतेकांकडे कंप्युटर होता, आणि कंप्युटरवर त्याच नावाने आलेला गेम मुलांसाठी सोपा केलेला, अगदी वेगळा होता. त्यामुळे '2004 चा झोका' म्हणजे काय ते आपल्यातल्या अनेकांनी फक्त पीएस 2 वाल्या मित्राच्या घरी अनुभवलं.) त्या गेमचे चाहते 2018 च्या गेमवर एक आक्षेप घेतात: इथे गेम तुम्हाला फार सांभाळून घेतो. कंट्रोलरवरचं आर 2 बटण दाबून धरलं की स्पायडर-मॅन आपोआप छान झुलतो, भिंतीला धडकला तर भिंतीवर पळायला लागतो, शंभर मजल्यांवरून पडला तरी त्याला काही होत नाही.

आक्षेप बरोबर आहे. पण यातून लोक पुढे समजूत करून घेतात की इथे शिकण्यासारखं काही नाही, आणि तिथे चुकतात. कौशल्य आहे ते आर 2 सोडण्यात. झोका अगदी तळाशी असताना सोडलात तर वेग मिळतो. पुढे वर जाईपर्यंत धरून ठेवलात तर उंची मिळते. हवेत एल 3 (डावी काडी आत) दाबलंत की तो डोकं खाली करून सूर मारतो, आणि जमीन अगदी जवळ आल्यावर जाळं टाकलंत तर त्या पडण्याचा सगळा वेग झोक्यात उतरतो. एल 2 आणि आर 2 एकत्र दाबून कठड्यावर किंवा दिव्याच्या खांबावर झेप घ्या आणि पाय टेकताक्षणी एक्स दाबा. तो तिथून बाणासारखा सुटतो. या तीन-चार गोष्टींची लय बसली की गेममधल्या न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागात दक्षिण टोकापासून उत्तरेच्या हार्लेमपर्यंत जमिनीला पाय न लावता जाता येतं.

आणि शहर ही लय स्वतः बदलत राहतं. दक्षिणेला फायनान्शियल डिस्ट्रिक्टमध्ये इमारती उंच आणि गल्ल्या अरुंद, तिथे झोके लांब आणि खोल. हार्लेममध्ये घरं बुटकी, तिथे सतत झेपा घेत राहावं लागतं. सेंट्रल पार्कमध्ये तर जाळं टाकायला फक्त झाडं; वेग एकदम उतरतो. नवखे लोक तक्रार करतात की पार्कमध्ये मजा येत नाही. मला उलट ते फार आवडलं, कारण जाळं खरोखर कशाला तरी चिकटतंय याची तिथेच खात्री पटते.

हे शहर जुन्या पीएस 4 वर चालतं यामागेही मोठी कारागिरी आहे. हार्ड डिस्क हळू, आणि स्पायडर-मॅन वेगवान. म्हणून शहराचे तुकडे करून प्रत्येक तुकड्याची सगळी माहिती डिस्कवर एकत्र ठेवली, म्हणजे वाचायला शोधाशोध नको. त्यापायी एकाच वस्तूच्या प्रती पुन्हा पुन्हा साठवाव्या लागल्या. मार्च 2020 मध्ये पीएस 5 ची माहिती देताना त्याचे मुख्य रचनाकार मार्क सर्नी यांनी याच गेमचं उदाहरण दिलं होतं: काही वस्तूंची माहिती डिस्कवर 400 वेळा साठवलेली होती. तुम्ही पूर्ण वेगाने जाताना पुढची गल्ली वेळेवर तयार असते ती या मेहनतीमुळे.

आता 'तेच तेच' या तक्रारीकडे येतो. रस्त्यावरचे गुन्हे खरोखर तेच तेच आहेत. दुकानातली चोरी, पळणारी गाडी, छतावरची टोळी. टोळीचे कपडे बदलतात, काम तेच राहतं. प्रत्येक भागात ठरावीक संख्या पूर्ण करायची असल्यामुळे एका बैठकीत दहा केले की डोकं बधिर होतं. हे एका बैठकीत करू नका. झुलत जाताना वाटेत आला तर एखादा करा. गेम संपेपर्यंत बरेचसे आपोआप होतात.

दप्तरांचं मात्र वेगळं आहे. पीटरने, म्हणजे मुखवट्यामागच्या स्पायडर-मॅनने, आठ वर्षांत शहरभर जाळ्याने चिकटवून ठेवलेली आणि मग विसरलेली 55 दप्तरं आहेत. प्रत्येकात एक जुनी वस्तू आणि तिच्याबद्दल त्याचं एक-दोन वाक्यांचं बोलणं. या गेममध्ये कोळी चावल्याची गोष्ट दाखवलेली नाही. पीटर इथे 23 वर्षांचा आहे, कामात मुरलेला. मधल्या आठ वर्षांचा इतिहास या दप्तरांतच आहे. जे लोक ती यादीतल्या खुणा म्हणून पटापट गोळा करतात त्यांना ते बोलणं ऐकूच येत नाही, कारण ते संपायच्या आत ते पुढच्या दप्तराकडे निघालेले असतात. मीही पहिल्या वेळी तेच केलं होतं. पीटरचा मित्र हॅरी ऑस्बॉर्न याच्या संशोधन केंद्रांची कामंही मला आवडली. हवेतलं प्रदूषण मोजण्यासाठी धुराच्या ढगांतून झुलत जाणं हे झोक्याची परीक्षा घेणारं काम आहे.

कथेवर मतभेद फारसे ऐकू येत नाहीत, आणि ते योग्यच आहे. ऑटो ऑक्टेव्हियस (कॉमिक्समधला खलनायक डॉक्टर ऑक्टोपस) हे नाव ऐकलं की पुढे काय होणार ते आपल्याला माहीत असतं. पीटरला माहीत नसतं. तो रोज त्या माणसाच्या प्रयोगशाळेत जातो, त्याला गुरू मानतो, आणि आपण कंट्रोलर हातात धरून बघत राहतो. त्यात भाडं थकल्यामुळे पीटरला खोलीतून बाहेर काढतात आणि त्याला आपलं सामान कचऱ्याच्या गाड्यांमागे पळून शोधावं लागतं. पैशाच्या ओढाताणीत शहराची काळजी वाहणारा हा माणूस मला कुठल्याही श्रीमंत सुपरहिरोपेक्षा जवळचा वाटतो. शेवट सांगत नाही. तो पाहताना मी रडलो, एवढंच सांगतो.

काही मिशन्समध्ये आपण पीटरची मैत्रीण, पत्रकार मेरी जेन म्हणून खेळतो; त्या मिशन्सबद्दलची तक्रार तुम्ही नक्की ऐकाल. उड्या मारणाऱ्या माणसाच्या हातून अचानक कंट्रोलर काढून घ्यावा आणि 'आता वाकून चाल, दिसलीस तर पुन्हा पहिल्यापासून' म्हणावं, असं ते वाटतं. सुरुवातीच्या मिशन्सना हे लागू आहे. ग्रँड सेंट्रल स्टेशनवरचं मिशन मात्र या नियमाला अपवाद आहे: तिथे ती खाली लपून कोणाला उचलायचं ते दाखवते आणि स्पायडर-मॅन वरून येऊन त्याला उचलतो. आपण नेहमी वरून पाहतो ते दृश्य तिथे पहिल्यांदा जमिनीवरून दिसतं. सगळी मिशन्स अशी केली असती तर ही तक्रार उरली नसती.

मारामारीची तुलना बॅटमॅनच्या आर्कम गेम्सशी होते. तिथून येणारे सुरुवातीला खूप मार खातात, कारण ते एका जागी उभं राहून प्रतिवार करायला बघतात. इथे प्रतिवार फारसा नाही, चुकवणं आहे. चौकोनाचं बटण दाबून धरा, शत्रूला हवेत उचला आणि स्वतःही वरच राहा. जमिनीवर राहिलात की घेरले जाता. भिंतीजवळ लढा, कारण जाळ्याने भिंतीला चिकटलेला गडी पुन्हा उठत नाही. उपकरणांचं चक्र (जाळ्याची वेगवेगळी हत्यारं निवडायची गोल यादी) वापरायला विसरू नका. इन्सोम्नियॅक हा स्टुडिओ 'रॅचेट अँड क्लँक' करणारा, चित्रविचित्र हत्यारं ही त्यांची जुनी आवड. कथेच्या तिसऱ्या टप्प्यात सेबल या खासगी सुरक्षा कंपनीचे सैनिक छतांवरून रॉकेट मारायला लागतात आणि शांतपणे झुलणं अवघड होतं, म्हणून दप्तरं आणि संशोधन केंद्रं त्याआधी करून घ्या.

एक आक्षेप मला पहिल्यांदा ऐकला तेव्हा पटला नव्हता, आज पटतो. स्पायडर-मॅन इथे पोलिसांचे टेहळणीचे टॉवर दुरुस्त करत फिरतो आणि सगळ्या शहरावर नजर ठेवणारी यंत्रणा बसवायला मदत करतो. त्यात काही चुकतंय का असा प्रश्न कथा कधीच विचारत नाही. 2020 च्या 'माइल्स मोरालेस' या पुढच्या गेममध्ये टॉवर गेले आणि त्यांच्या जागी शेजारपाजारचे लोक मदत मागतात ते ॲप आलं. तो बदल मला मनापासून आवडला.

डबक्यांचा वाद वाचलात तर सोडून द्या. जाहिरातीतल्या एका दृश्यात पाण्याची डबकी मोठी होती, अंतिम गेममध्ये लहान झाली, म्हणून लोकांनी चित्राचा दर्जा घसरवल्याचा आरोप केला. स्टुडिओने सांगितलं की फक्त डबक्यांचा आकार बदललाय, आणि पुढे फोटो मोडमध्ये डबक्यांचे स्टिकरही दिले. खेळताना त्याने काडीचाही फरक पडत नाही.

2023 चा 'स्पायडर-मॅन 2' (याच मालिकेतला पुढचा गेम; 2004 च्या गेमशी फक्त नाव सारखं) फक्त पीएस 5 आणि कंप्युटरवर आहे, म्हणून तुमच्यासाठी आत्ता गौण. झोका फार सोपा म्हणणाऱ्यांचं तिथे ऐकलं गेलं एवढं मात्र सांगतो: झोक्याला मिळणारी मदत दहापासून शून्यापर्यंत कमी करता येते, आणि पडल्यावर इजा होण्याचा पर्यायही आहे. मदत शून्यावर नेऊन खेळलो तेव्हा 2004 ची आठवण झाली.

पुढेमागे कंप्युटरवर घ्यायचा झाला तर 2018 च्या गेमची 'रीमास्टर्ड' आवृत्ती ऑगस्ट 2022 पासून तिथे आहे. किमान जीटीएक्स 950 ग्राफिक्स कार्ड, 8 जीबी रॅम आणि 75 जीबी जागा लागते. एसएसडी असेल तर उत्तम. पीटरचा चेहरा त्यात बदललाय, त्यावरही बराच वाद झाला. मला पहिलाच चेहरा आवडायचा, आणि तो तुमच्या पीएस 4 वर आहे.

सर्किट जोडायची कोडी नकोशी वाटली तर सेटिंगमध्ये ती वगळायची सोय आहे, संकोच करू नका. कठीणपणा मात्र सुरुवातीलाच 'स्पेक्टॅक्युलर' ठेवा, नाहीतर उपकरणांची गरजच पडत नाही. आणि पहिल्या दिवशी फिस्क या गुंडांच्या म्होरक्याला पकडायचं पहिलं मिशन संपलं की दुसरं काही सुरू करू नका. नकाशा बंद ठेवा, ॲव्हेंजर्स टॉवर शोधा, वर चढा आणि उडी मारा. जमीन अगदी जवळ येईपर्यंत आर 2 दाबू नका. कसं वाटलं ते इथेच येऊन लिहा, मी वाट पाहतोय.