पणजोबांच्या युद्धकाळाचा माग कसा लावावा?

प्रश्न : आमचे पणजोबा पहिल्या महायुद्धात शिपाई होते. घरात त्यांची तीन पदके (एक ताऱ्याच्या आकाराचे, दोन गोल), पंधरा-वीस पत्रे आणि गणवेशातील एक फोटो आहे. थोरले काका ते फ्रान्सला होते असे सांगतात, तर आत्या बसऱ्याचे नाव घेते. जो जे सांगेल ते त्याच्या नावाच्या फाइलमध्ये ठेवत गेलो, पण गुंता वाढतच आहे. हे संशोधन कसे लावावे? – एक वाचक

उत्तर : सांगणाऱ्याच्या नावाने फाइल केल्यावर हाती मतभेदच उरतात. त्याऐवजी एक वही घेऊन १९१४ ते १९१९ या प्रत्येक वर्षाला काही पाने द्या आणि तारीख, ठिकाण व ही माहिती कशावरून कळली, एवढेच नोंदवा. कागदावर किंवा पदकावर दिसणारे शाईने, ऐकीव ते पेन्सिलीने. आपल्या घरातला वाद कदाचित तिथेच मिटेल, कारण १९१४ मध्ये फ्रान्सला गेलेले भारतीय पायदळ १९१५च्या अखेरीस तिथून मेसोपोटेमियाकडे (म्हणजे आजच्या इराककडे; बसरा तिथलेच बंदर) हलवण्यात आले होते. काका आणि आत्या दोघेही एकाच प्रवासाची दोन टोके सांगत असण्याची शक्यता आहे.

याचा पुरावा आपल्याच घरात असू शकतो. ताऱ्याच्या मधल्या पट्टीवर नुसते ‘१९१४’ असेल, तर ते पदक ५ ऑगस्ट ते २२ नोव्हेंबर १९१४ या काळात फ्रान्स किंवा बेल्जियममध्ये सेवा केलेल्यांना दिलेले आहे. ‘१९१४-१५’ असेल, तर एवढ्यावरून आघाडी ठरत नाही. ताऱ्याची मागची बाजू आणि गोल पदकांची कड भिंगाखाली पाहा. तिथे क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. पदके घासून लख्ख करण्याचा मोह मात्र आवरा, कारण झिजतात ती नेमकी हीच अक्षरे.

पत्रे पाकिटातून काढून वेगळी लावू नका. सेन्सॉरमुळे मजकुरात ठिकाणाचे नाव बहुधा नसते, पण पाकिटावरच्या शिक्क्यात फील्ड पोस्ट ऑफिसचा (आघाडीवरच्या लष्करी टपाल कार्यालयाचा) क्रमांक आणि तारीख सापडू शकते.

पलटण कळली की पुढचे काम सरळ आहे. साध्या शिपायांच्या वैयक्तिक नोंदी फार थोड्या उरल्या आहेत; पलटणींच्या युद्धदैनंदिन्या मात्र लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्यांत शिपायाचे नाव क्वचितच येते, पण अमुक दिवशी पलटण कुठे होती ते कळते आणि वहीतली रिकामी पाने भरू लागतात. कॉमनवेल्थ युद्धकबर आयोगाची यादी केवळ मृतांची आहे. पणजोबा सुखरूप परतले असतील, तर तिथे शोधण्यात वेळ घालवू नका.

इंग्रजी कागदपत्रांत आपली नावे कानाला ऐकू आली तशी लिहिली जात, म्हणून नावापेक्षा पदकावरच्या क्रमांकाने शोधलेले बरे.